झांग निंग

(जन्म : 19 मे 1975, जिंझोऊ, ल्याओनिंग प्रांत). चीनची बॅडमिंटनपटू. 2004 (अथेन्स) आणि 2008 (बीजिंग) या लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये तिने महिला एकेरीचे सुवर्णपदक जिंकले. महिला एकेरीत हे आजवर दुसऱ्या कोणालाच जमलेले नाही. त्यातही ही दोन पदके दोन निरनिराळ्या गुणपद्धतींत मिळालेली आहेत, आणि तिच्या खेळाची खरी थोरवी इथेच दिसते.

ती 1991 मध्ये राष्ट्रीय संघात आली. 1994 साली जकार्तात उबर करंडकाच्या (महिला संघांची जागतिक स्पर्धा) अंतिम लढतीत चीन व इंडोनेशिया 2-2 असे बरोबरीत होते. निर्णायक एकेरीत झांग अवघ्या 14 वर्षांच्या मिया ऑडिनाकडून तीन गेममध्ये हरली आणि 1984 पासून सलग पाच वेळा चीनकडे असलेला करंडक गेला. पुढची बरीच वर्षे ती संघातल्या इतर एकेरी खेळाडूंच्या मागेच राहिली. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकसाठीही तिची निवड झाली नाही. 2003 मध्ये बर्मिंगहॅमला गाँग रुइनाला हरवून ती जगज्जेती झाली, तेव्हा तिचे वय 28 होते. या वयात बहुतेक एकेरी खेळाडू उताराला लागतात.

अथेन्सच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा मिया ऑडिनाच होती, आता नेदरलँड्सकडून खेळणारी. झांग 8-11, 11-6, 11-7 अशी जिंकली. तेव्हा महिला एकेरीचा गेम 11 गुणांचा असे आणि गुण फक्त सर्व्हिस करणारीलाच मिळे. आपल्या सर्व्हिसवर रॅली हरली तरी सर्व्हिस तेवढी जाई, गुण जात नसे. त्यामुळे पिछाडीवर असतानाही शटल खोलवर ठेवत, प्रतिस्पर्ध्याला चारही कोपऱ्यांत पळवत दमवता येई. झांगच्या संयमी खेळाला हे मानवणारे होते. याच स्पर्धेतल्या उपांत्य सामन्याला मात्र एक डाग आहे : झांगने पहिला गेम जिंकल्यावर तिची प्रतिस्पर्धी, चीनचीच झोऊ मी, हिला प्रशिक्षकांनी फार जोर लावू नकोस असे सांगितले होते, हे चीनचे मुख्य प्रशिक्षक ली योंगबो यांनी पुढे स्वतःच मान्य केले.

2006 पासून प्रत्येक रॅलीला गुण देणारी 21 गुणांची पद्धत आली. आता एक ढिला ड्रॉप (जाळ्याजवळ हळूच टाकलेला फटका) किंवा बेसलाइनबाहेर गेलेला एक फटका म्हणजे थेट एक गुण. सुरुवातीला चार-पाच चुका झाल्या की गेम निसटू लागतो. दुसरीकडे, केवळ सर्व्हिस इकडून तिकडे जात राहून गेम लांबणे थांबले, आणि तिशी ओलांडलेल्या खेळाडूच्या पायांना ही सवलतच होती.

बीजिंगमध्ये उपांत्य फेरीत तिने इंडोनेशियाच्या मारिया क्रिस्टिन युलियांतीला हरवले. याच युलियांतीने उपांत्यपूर्व फेरीत भारताच्या सायना नेहवालला पहिला गेम गमावूनही बाहेर काढले होते. 16 ऑगस्टच्या अंतिम लढतीत गाठ पडली ती चीनच्याच शिए शिंगफांगशी. 2005 आणि 2006 या दोन्ही जागतिक स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत झांगला तिनेच हरवले होते. 33 वर्षांच्या झांगने पहिला गेम 21-12 घेतला, दुसरा 10-21 असा सपशेल गमावला आणि तिसरा 21-18 असा खेचून आणला. समारोप सोहळ्यात चीनचा ध्वज तिच्या हाती होता.

ऑल इंग्लंड या प्रतिष्ठेच्या बॅडमिंटन स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद तिला कधीच मिळाले नाही. निवृत्तीनंतर ती राष्ट्रीय संघात महिला एकेरीची प्रशिक्षक झाली.