आईच्या दुधातील प्रदूषके

आईच्या दुधातील प्रदूषके : हवा, पाणी आणि अन्न यांवाटे बाईच्या शरीरात शिरलेली व बाळंतपणानंतर अंगावरच्या दुधात उतरणारी रसायने. डीडीटी, बीएचसी ही कीटकनाशके, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली पीसीबी, कचरा जळताना तयार होणारी डायॉक्सिने, फोमच्या गाद्यांत घातली जाणारी ज्वालारोधके आणि शिसे, पारा यांसारखे धातू ही त्यांतली मुख्य. आईने घेतलेली औषधे, दारू, तंबाखू हा वेगळा विषय आहे. ती थांबवता येतात आणि थांबवली की दूधही लवकर निवळते. प्रदूषकांचे तसे नाही.

याचे कारण चरबीत आहे. आईच्या दुधात साधारण ४ टक्के स्निग्धांश असतो. तो सगळा काल खाल्लेल्या डिंकाच्या लाडवातून येत नाही. त्यातला मोठा भाग बाळंतिणीच्या अंगी वर्षानुवर्षे साठलेल्या चरबीतून येतो. डीडीटी, पीसीबी पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत मुरतात आणि शरीराला त्यांचा निचरा सहजी करता येत नाही. म्हणजे बाळ पिते ते आईच्या आजच्या जेवणाइतकेच तिच्या मागच्या वीस-पंचवीस वर्षांच्या जेवणाचे दूध. पाजण्याने आईच्या अंगातला साठा उतरत जातो, त्यामुळे पहिल्या बाळाच्या वाट्याला सहसा सर्वांत जास्त येते आणि पुढच्या भावंडांना कमी. पहिलटकरीण वयाने मोठी असेल तर साठाही मोठा. एकाच वेळच्या पाजण्यातही सुरुवातीचे दूध पातळ आणि शेवटचे दाट असते. नमुना कधी घेतला यावर आकडा हलतो. म्हणून प्रयोगशाळा दर ग्रॅम चरबीमागे किती नॅनोग्रॅम ते सांगतात. बातमीतला आकडा वाचताना आधी एकक पाहावे: चरबीमागचा आकडा अख्ख्या दुधाचा समजला, तर तो एका फटक्यात पंचवीसपट फुगतो. वर्तमानपत्रांनी हा घोळ पुष्कळदा घातला आहे.

आईच्या दुधात डीडीटी असल्याचे पहिल्यांदा १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरातल्या ३२ स्त्रियांच्या दुधाची तपासणी झाली आणि ३० नमुन्यांत ते सापडले. यांपैकी कुणी कीटकनाशकाच्या कारखान्यात कामाला नव्हत्या.

दुधातून आलेल्या विषाने मुले दगावल्याचे सर्वांत भीषण उदाहरण आग्नेय तुर्कस्तानातले आहे. १९५५ ते १९५९ या काळात तिथे हेक्झाक्लोरोबेंझीन हे बुरशीनाशक चोळलेले गव्हाचे बियाणे पेरणीसाठी वाटले गेले. लोकांनी ते दळून भाकरी केली. तीन ते चार हजार माणसांना पोर्फिरिया हा विकार जडला. उन्हात कातडीवर फोड येत, चेहऱ्यावर काळी लव वाढे. अंगावर पिणाऱ्या मुलांना वेगळेच काही झाले. अशक्तपणा, झटके आणि अंगभर गुलाबी चट्टे. गावकऱ्यांनी त्याला ‘पेंबे यारा’, म्हणजे गुलाबी जखम, असे नाव दिले. त्यातली बहुतेक सर्व मुले गेली. काही खेड्यांत दोन ते पाच वर्षांचे मूलच उरले नाही. वीस-तीस वर्षांनी तपासले तेव्हाही त्या बायांच्या दुधात हे रसायन होते.

दुसरी गोष्ट उत्तर ध्रुवाजवळची. १९८० च्या दशकात कॅनडाच्या क्युबेक प्रांतातले डॉ. एरिक देवाई आईच्या दुधातील पीसीबी मोजत होते. तुलनेसाठी ‘स्वच्छ’ नमुना हवा, म्हणून कारखान्यांपासून कोसो दूर, त्याच प्रांताच्या उत्तर टोकाला नुनाविकमधल्या इन्युइट या तिथल्या मूळ रहिवासी स्त्रियांचे दूध मागवले. ते दक्षिणेकडच्या शहरी बायकांच्या दुधाच्या सुमारे पाचपट दूषित निघाले. उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांत ही रसायने हवेत उडतात, वाऱ्याबरोबर जातात आणि थंडीत खाली बसतात. मग शेवाळातून माशात, माशातून सीलमध्ये, सील व बेलुगा देवमाशाच्या चरबीतून माणसात. प्रत्येक पायरीवर प्रमाण वाढते. या साखळीची शेवटची कडी आई नव्हे. तिच्याही वर तिचे तान्हे मूल असते.

एवढ्यावरून अंगावर पाजणे बंद करावे का? नाही, आणि याबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला बदललेला नाही: पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पुढे दोन वर्षे किंवा अधिक काळ पूरक आहारासोबत. तुर्कस्तानातली घटना ही विषबाधा होती. रोजच्या प्रदूषणातले प्रमाण त्याच्या पासंगालाही पुरत नाही. १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये पीसीबी व डायॉक्सिनांवर झालेल्या अभ्यासांत बाळाच्या मेंदूवरचे परिणाम मुख्यतः गर्भात, वारेवाटे (प्लॅसेंटातून) गेलेल्या अंशाशी जुळले; दुधातून त्याहून अधिक मात्रा मिळूनही पाजलेली मुले मागे पडलेली दिसली नाहीत. मिथिल पारा, म्हणजे माशांतून येणारे पाऱ्याचे रूप, हाही दुधापेक्षा वारेतूनच जास्त जातो.

आर्सेनिकच्या बाबतीत तर दूध ढालच ठरते. अर्जेंटिनातल्या अँडीज पर्वतातल्या एका गावी पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास आर्सेनिक होते, आयांच्या दुधात मात्र जेमतेम २-३. त्याच पाण्यात डब्यातली पावडर कालवून दिली असती, तर बाळाच्या पोटात कितीतरी पट गेले असते. वरच्या दुधाची बाजू मांडणारे हे पाणी हिशेबात धरत नाहीत.

शिसे हाडांत साठते आणि गरोदरपणी व पाजताना थोडे सुटते, पण रक्ताच्या मानाने दुधात फार कमी उतरते. पाजण्याने साठा उतरतो तो हळूहळू; थोडे दिवस दूध काढून टाकल्याने साठवलेली चरबी ‘साफ’ होईल, ही समजूत चुकीची आहे. पाजत असताना झपाट्याने वजन उतरवू नये, इतके मात्र खरे. चरबी वितळली की तिच्यातले सगळेच रक्तात येते.

भारतात शेतीतील डीडीटीवर १९८९ मध्ये आणि बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. शेतकरी जिला नुसते ‘पावडर’ म्हणत ती हीच बीएचसी. हिवतापासाठी मात्र डीडीटीची फवारणी चालू राहिली. घरांच्या भिंतींवरचे पांढुरके ओघळ अनेकांना आठवत असतील. रायगड जिल्ह्यातल्या रसायनी येथे ते सरकारी कारखान्यात बनत असे. केरळातल्या कासारगोडमध्ये काजूच्या बागांवर वीसेक वर्षे हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले. २००१ मध्ये तिथल्या लोकांच्या रक्तात व आईच्या दुधात ते आढळल्याचा अहवाल आला, त्यावर वाद झडले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदी घातली.

दूध हे प्रदूषण मोजायचे साधनही आहे. सुई टोचावी लागत नाही आणि चरबी आयती मिळते. दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या २००१ च्या स्टॉकहोम कराराखाली (भारताची मान्यता २००६) जगभरच्या देखरेखीसाठी ते एक मुख्य माध्यम ठरले. स्वीडनने जपून ठेवलेल्या नमुन्यांत १९७२ पासून डीडीटी व पीसीबी उतरत गेलेले दिसले, तर ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके १९९७ पर्यंत दर पाच वर्षांनी दुप्पट होताना. ती वापरातून जाऊ लागल्यावर त्यांचाही आलेख खाली वळला.

नॉनस्टिक भांडी व डाग न धरणाऱ्या कापडांतली पीएफएएस रसायने या हिशेबात बसत नाहीत, कारण ती चरबीला नव्हे, प्रथिनांना चिकटतात. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या अभ्यासात केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांच्या रक्तात त्यांतल्या काहींचे प्रमाण दर महिन्याला २० ते ३० टक्क्यांनी वाढले आणि पाजणे थांबल्यावर उतरू लागले. त्याच बेटांवर, ज्या मुलांच्या रक्तात ही रसायने जास्त होती त्यांच्यात धनुर्वात व घटसर्पाच्या लशीनंतरची प्रतिपिंडे कमी भरली.