कॉनलन नॅनकॅरो: कागदाला भोकं पाडून रचलेलं संगीत

वाजवायला माणूसच नको, असं ठरवणारा संगीतकार तऱ्हेवाईक वाटतो. नॅनकॅरोवर मात्र ही वेळ बरीचशी नाइलाजाने आली, आणि त्या नाइलाजात राजकारणाचा हात मोठा होता.

जन्म १९१२चा, अमेरिकेतल्या टेक्सारकाना गावचा. तरुणपणी तो जॅझमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. बॉस्टनमध्ये थोडंफार रीतसर शिक्षण झालं, तिथेच कम्युनिस्ट पक्षात गेला. १९३७मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोविरुद्ध लढायला लिंकन ब्रिगेड या अमेरिकन स्वयंसेवकांच्या तुकडीतून तिथे पोचला. १९३९मध्ये परतला, तर कम्युनिस्ट म्हणून त्याच्याच देशाचं सरकार त्याला पासपोर्ट देईना. शेवटी १९४०मध्ये त्याने मेक्सिको सिटी गाठली आणि पुढे तिथलंच नागरिकत्व घेतलं.

लिहायचा ते वाजवणं मुळातच अवघड. न्यूयॉर्कमध्ये त्याची एक रचना सात वादकांनी सादर केली, पण सरावाला सातही जण एकत्र कधी आलेच नाहीत. कार्यक्रमात व्हायचा तो गोंधळ झाला. माणसाला न पेलणाऱ्या लयी पियानोलावर, म्हणजे आपोआप वाजणाऱ्या पियानोवर वाजवता येतील, असं अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेलने १९३०च्या पुस्तकात सुचवलं होतं. नॅनकॅरोने ते मनावर घेतलं. १९४७मध्ये वारशाचे पैसे हाती येताच त्याने न्यूयॉर्कहून पियानोला घेतला आणि भोकं पाडायचं यंत्रही बनवून घेतलं.

पियानोलात कागदाचा रोल सरकत असतो. भोक आलं की तिथून हवा शिरते, त्या सुराचा भाता दबतो आणि हातोडी तारेवर आपटते. रोलवरचं एकेक भोक तो स्वतः पाडायचा, त्यामुळे काही मिनिटांच्या रचनेला महिनोन्महिने लागत. सूर टोकदार यावेत म्हणून हातोड्यांवर त्याने एका पियानोत चामडं, दुसऱ्यात धातू बसवला होता. अशा पन्नासच्या आसपास रचना झाल्या. त्यांना नावं नाहीत, नुसते क्रमांक.

३६व्या रचनेत चार आवाज, म्हणजे चार स्वतंत्र सुरावटी, १७:१८:१९:२० अशा लयींत एकामागून एक निघतात. सगळ्यांत संथ आवाज आधी. बरोबर मध्यावर चौघांची गाठ पडते, सम यावी तशी, आणि पुढच्याच क्षणी ते पुन्हा पांगतात. ३३व्या रचनेत तर त्याने दोनाच्या वर्गमुळाचं दोनाशी प्रमाण घेतलं. कानाला तो बारकावा कळत असेल याची मला शंकाच आहे. ३६व्या रचनेतली गाठ मात्र गणित न येणाऱ्यालाही चुकत नाही.

तीसेक वर्षं हे काम मोजक्याच लोकांना ठाऊक होतं. १९८०मध्ये हंगेरियन संगीतकार लिगेटीला नॅनकॅरोच्या रेकॉर्ड पॅरिसमध्ये सापडल्या आणि तो जाईल तिथे त्यांची तारीफ करू लागला. १९८२मध्ये मॅकआर्थर फाउंडेशनने नॅनकॅरोला ३ लाख डॉलर दिले. मग वादकच त्याच्याकडे येऊ लागले. आर्डिटी क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या संचासाठी त्याने १९८७मध्ये ३:४:५:६ अशा लयींची रचना लिहिली आणि त्या चौघांनी ती वाजवूनही दाखवली. १९९७मध्ये तो मेक्सिको सिटीतच वारला. त्याची हस्तलिखितं आता स्वित्झर्लंडमध्ये, बाझेलच्या पॉल झाखर फाउंडेशनकडे आहेत.