स्वतंत्र ब्लॉगलेखक आणि निवडणूक प्रचार (नाशिक)

कोणत्याही वृत्तपत्राच्या किंवा वाहिनीच्या पगारावर नसलेल्या, स्वतःच्या नावावर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या मंडळींशी पक्ष आणि उमेदवार निवडणुकीच्या काळात जो व्यवहार ठेवतात, त्याची ही नोंद. ‘ब्लॉगलेखक’ हा शब्द आता बराच सैल झाला आहे. नाशिकपुरते बोलायचे तर त्यात फेसबुकवर शहराबद्दल नेमाने लिहिणारा नोकरदार येतो, बाजार समितीतून रोज कांद्याचे भाव सांगणारा यूट्यूबर येतो आणि सभेत बूम (वाहिनीचा माइक) पुढे करून उभा राहणारा ‘पोर्टलवाला’ही येतो. तिघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे; प्रचार कार्यालये मात्र सर्रास मोजतात.

अमेरिकेत २००४ साली बॉस्टनला भरलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात ब्लॉगलेखकांना पत्रकारांसारखी प्रवेशपत्रे मिळाली. तिथल्या निवडणूक आयोगाने २००६ मध्ये विनामोबदला लिहिणाऱ्यांना खर्चाच्या नियमांतून मोकळे केले आणि पैसे देऊन दुसऱ्याच्या संकेतस्थळावर लावलेली जाहिरात तेवढी नियमांत ठेवली. भारतात केंद्रीय निवडणूक आयोगाच्या २५ ऑक्टोबर २०१३ च्या सूचनांनी इंटरनेटवरील प्रचार आचारसंहितेखाली आणला. उमेदवाराने आपली समाजमाध्यम खाती शपथपत्रात दाखवायची, जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यायची आणि मजकूर तयार करणाऱ्यांचे पगारही खर्चात धरायचे. उमेदवार किंवा पक्ष नसलेल्या तिसऱ्याच माणसाच्या मजकुराचे काय करायचे, हे मात्र त्या वेळी विचाराधीन ठेवले गेले. सगळी गंमत त्या तिसऱ्या माणसातच आहे.

महापालिकेत त्याचे वजन का वाढले, हे समजायला मधली वर्षे पाहावी लागतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. दरम्यान प्रशासक. जवळपास चार वर्षे खड्डा, नळ, घंटागाडी यांचे गाऱ्हाणे घेऊन जायला नगरसेवकच नव्हता. ते गाऱ्हाणे परिसरातल्या लिहित्या माणसाकडे गेले आणि वाचकही त्याच्याकडे वळले. पुढे ३१ प्रभाग आणि १२२ जागांची लढाई लागली, तेव्हा इच्छुकांना तयार श्रोता तिथे सापडला. निवडणुकीच्या तोंडावर कुंभमेळ्यातील साधूंच्या वस्तीसाठी, म्हणजे साधुग्रामासाठी, तपोवनातील झाडे तोडण्याचा वाद पेटला. झाडांची छायाचित्रे टाकणाऱ्यांशी कसे बोलायचे, हा प्रश्न त्या वेळी सत्ताधारी आणि विरोधक दोघांपुढेही होता.

संपर्काची पहिली पायरी साधी असते. सकाळच्या मिसळीचे आमंत्रण येते, उमेदवार स्वतः येऊन बसतो, ‘तुमचे वाचत असतो’ म्हणतो. मग व्हॉट्सॲप गटात नाव जोडले जाते आणि तयार मजकूर येऊ लागतो. त्यानंतर ‘पॅकेज’: मुलाखत, दोन-तीन रील, फेरीचे थेट प्रक्षेपण. पाकिटापेक्षा सलगी जास्त भारी पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पैसे नाकारणारा माणूसही ‘साहेब आपल्याशी दहा मिनिटे बोलले’ या आनंदात पुढचा अवघड प्रश्न गिळतो. चहा, खुर्च्या, मंडप यांचे दर निवडणूक यंत्रणेच्या तक्त्यात बसतात. या गिळलेल्या प्रश्नाचा दर कोण लावणार?

विकतच्या बातम्यांवर लक्ष ठेवायला जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. संशयित मजकूर आढळल्यास उमेदवाराकडे खुलासा मागवून खर्च त्याच्या नावे धरता येतो. पण ‘मी स्वखुशीने लिहिले’ असे लेखकाने म्हटले, की व्यवहार सिद्ध करणे कठीण. जाहिरात असल्यास तसे सांगा, हा इन्फ्लुएन्सर मंडळींना घालून दिलेला दंडक मुळात वस्तू आणि सेवांच्या जाहिरातींसाठी आहे. साबणाची शिफारस करणाऱ्याला तो लागू होतो, नगरसेवकाची करणाऱ्याला नाही.

तरीही आखलेला प्रचार सगळ्यांना पुरून उरतो असे नाही. डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीनंतर जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला रास्ता रोको झाला. लासलगाव परिसरातले भाव सांगणारे यूट्यूबर शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीत आधीपासूनच होते. त्यांना शेतकऱ्याला नव्याने गाठायची गरज नव्हती. १५ मे २०२४ रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांच्या सभेत एक तरुण ‘कांद्यावर बोला’ असे ओरडला, आणि ती काही सेकंदांची चित्रफीत राज्यभर फिरली. त्या भागाच्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात भाजपच्या तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा भास्कर भगरे यांनी एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. त्याचे श्रेय चित्रफितीला देणे भाबडेपणाचे होईल. भाव पडलेला होताच.

गोडीने न वळणाऱ्याला नोटीस येते. इंटरनेटवरील ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. त्या खटल्याला निमित्त ठरलेली, फेसबुक पोस्टवरून झालेली २०१२ ची अटक महाराष्ट्रातलीच, पालघरची. आता बदनामीच्या दाव्याची भीती घातली जाते, किंवा खात्याविरुद्ध एकगठ्ठा तक्रारी करून ते बंद पाडण्याचा प्रयत्न होतो. एकट्याने लिहिणाऱ्यामागे संपादक नसतो, वकील तर नसतोच. बरेच जण मजकूर गुपचूप उतरवतात. पॅकेजमधल्या मुलाखतीही निकालानंतर अशाच नाहीशा होतात, विशेषतः उमेदवार पडला असेल तर.