‘फुस्स’ची किंमत

नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीत माझ्या एका मित्राचा गाळा आहे. चार सीएनसी यंत्रं, दोन प्रेस आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हवा दाबून टाकीत भरणारा पंचवीस एचपीचा स्क्रू कंप्रेसर. दुपारी एकला जेवणाची सुट्टी होते. यंत्रं थांबतात, डबे उघडतात आणि एरवी गोंगाटात हरवलेला एक आवाज कानावर यायला लागतो, कंप्रेसरचा. हवा वापरणारं एकही यंत्र चालू नसताना तो दर थोड्या वेळाने घर्र करून उठतो, टाकी भरतो, गप्प होतो आणि पुन्हा उठतो. तिथे रोज जेवणाऱ्यांना तो ऐकूही येत नाही. मी पाहुणा, म्हणून मला आला. यंत्रं बंद आहेत, तर हवा जातेय कुठे?

हे मोजायला मनगटावरचं घड्याळ पुरतं. यंत्रं बंद असताना कंप्रेसर किती वेळ हवा भरतो आणि किती वेळ थांबतो, हे चार-पाच फेऱ्या टिपायचं. भरण्याच्या वेळाला दोन्ही वेळांच्या बेरजेने भागलं की गळतीचं प्रमाण मिळतं. आम्हाला सरासरी दीड मिनिट भरणं आणि साडेतीन मिनिटं थांबणं असं मिळालं. पाचातलं दीड, म्हणजे ३० टक्के. मित्राला वाटलं माझं गणित चुकलं, म्हणून त्याने स्वतः पुन्हा वेळ लावली. तेवढंच आलं. त्याची समजूत घालायला मी म्हटलं, तू एकटा नाहीस. जिथे हवेच्या लाइनीकडे कोणी बघत नाही तिथे २० ते ३० टक्के गळती नेहमीचीच. तेवढ्याने काही त्याची समजूत पटली नाही.

उद्योगातलं डिजिटल तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला नारिंगी रोबोटचे हात आठवतात. ‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द २०११ साली जर्मनीत हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात पुढे आला आणि तेव्हापासून प्रत्येक माहितीपत्रकावर तेच हात आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावर असे कारखाने आहेतही. पण दिघ्यापासून शिरवण्यापर्यंतच्या या पट्ट्यात आणि तिकडे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझ्या मित्रासारखे गाळेवाले पुष्कळ आहेत. त्यांच्या बिलात आणि आपल्या हवेत फरक पाडेल असं तंत्रज्ञान फार कमी देखणं आहे. ते मुख्यतः ऐकतं.

आधी हवेचा भाव बघू. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, ते आठवा. हवा दाबली की ती तापते. कंप्रेसर हेच मोठ्या प्रमाणावर करतो आणि ती उष्णता कूलरमधून बाहेर फेकून देतो. शंभर रुपयांची वीज घातली, तर हवेवर चालणाऱ्या हत्याराच्या टोकाला जेमतेम दहा-पंधरा रुपयांचं काम मिळतं. कारखान्यातली ही बहुधा सगळ्यात महाग ऊर्जा, आणि कामगार तिनेच कपड्यांवरची धूळ उडवतात, कारण हवेला कोण पैसे देतं?

सुमारे सात बार दाबाच्या लाइनीला तीन मिलिमीटरचं एक भोक पडलं, तर ते भरून काढायला कंप्रेसरला साधारण तीन किलोवॅट जास्त ओढावे लागतात. दोन पाळ्या, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर १४,४०० युनिट. आठ रुपयांचा दर धरला तरी लाखावर रुपये. आपल्या देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे या एका भोकापायी दहा टन. साबुदाण्याएवढ्या भोकापायी.

आता ते शोधायचं कसं? जुनी पद्धत साबणाच्या पाण्याची. ब्रशने जोडावर फेस लावायचा, बुडबुडा आला की सापडली गळती. पंक्चरवाला करतो तेच. पण लाइन छताजवळून जाते, शिडी लावावी लागते आणि शंभर जोडांना फेस लावायला वेळ कोणाकडे आहे? कानाने ऐकावं तर प्रेस चालू असताना शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे फुस्सचं काय?

इथे भौतिकशास्त्र मदतीला येतं. दाबलेली हवा बारीक भोकातून सुटताना भोवरे बनवते आणि तिचा आवाज एका सुरात नसतो. तो पार ४० किलोहर्ट्झपर्यंत आणि त्याच्याही वर पसरलेला असतो. माणसाचा कान २० किलोहर्ट्झला संपतो आणि वयानुसार त्याच्याही कितीतरी अलीकडे. प्रेसची धडधड, मोटारींची घरघर, पंख्यांचा आवाज यांचा जोर बहुतेक खालच्या पट्टीत असतो. म्हणजे वटवाघळांच्या पट्टीत जाऊन बसलं, तर तोच गोंगाटाचा कारखाना बराचसा शांत होतो आणि फक्त गळत्या बोलताना ऐकू येतात.

‘अकौस्टिक कॅमेरा’ हे करतो. ताटाएवढ्या चकतीवर चाळीस, साठ किंवा शंभरावर बारीक मायक्रोफोन बसवलेले असतात आणि मधोमध साधा कॅमेरा. समजा फुस्स डावीकडून येतंय. डावीकडच्या मायक्रोफोनला ते आधी कळतं, दहा सेंटिमीटर पलीकडच्याला नंतर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा हा फरक फार तर ०.३ मिलिसेकंदाचा. आपल्याला तो जाणवणार नाही, पण सेकंदाला लाखभर नमुने घेणाऱ्या चिपला तो सहज कळतो. मग ती चिप एकेका दिशेसाठी हिशेब करते: आवाज या दिशेने आला असता तर कोणत्या मायक्रोफोनला किती उशीर झाला असता? तेवढे उशीर वजा करून सगळे आवाज एकमेकांवर ठेवायचे. दिशा बरोबर असेल तर लाटा जुळून आवाज मोठा होतो, चुकली असेल तर एकमेकींना खातात. ज्या दिशेला सगळ्यात मोठा, तिथे पडद्यावर लाल ठिपका. आपले दोन कान आणि मेंदू अंधारात हेच करतात. इथे कान शंभर आहेत, एवढंच.

हे स्वस्त होण्याचं श्रेय तुमच्या-माझ्या मोबाइलला. सिलिकॉनवर कोरलेले तांदळाच्या दाण्याएवढे मायक्रोफोन फोनसाठी अब्जावधींनी बनले, म्हणून त्यांची किंमत घसरली. तरीही अख्खं यंत्र काही लाखांत जातं. मित्राने ते एका दिवसापुरतं भाड्याने आणलं. दुपारपर्यंत सतरा ठिकाणं सापडली आणि प्रत्येकाला लाल टॅग बांधला. क्विक कपलर, जुन्या होजची टोकं, एक तडकलेला रेग्युलेटर. सोळा ठिकाणी हेच. सतराव्याची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे येतो.

मित्राकडे मेंटेनन्सला एक काका आहेत. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला घणसोलीत. कॅमेऱ्याकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. त्यांची पद्धत सगळ्या जुन्या फिटरांना येते ती: लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीच्या बेअरिंगपाशी टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. “गेलंय,” ते म्हणतात, किंवा “अजून दोन महिने चालंल.” मी विचारलं, काका, काय ऐकू येतं? म्हणाले, “चांगलं असलं तर नुसतं सूं येतं. खराब झालं की त्यात खडे पडल्यागत वाजतं.”

हे खडे मोजता येतात. मिनिटाला १,४४० फेरे घेणारी मोटार सेकंदाला २४ फेरे घेते. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर बारीक खड्डा पडला आणि आत नऊ गोळ्या असल्या, तर त्या गोळ्या सेकंदाला साधारण ८६ वेळा त्या खड्ड्यावर आपटतात. गोळ्यांची संख्या गुणिले फेरे, त्याच्या चाळीस टक्के, असा फिटरांना पुरेल असा हिशेब आहे. आतल्या रिंगला दोष असेल तर आकडा वेगळा येतो. मोटारीच्या हजार थरथरींत हा एक सूर वेगळा काढायचं गणित फ्रान्सच्या जोसेफ फुरिएने १८२२ साली छापलं, तेही उष्णता धातूतून कशी वाहते याच्या अभ्यासात. आज ते गणित आगपेटीएवढ्या सेन्सरमधली चिप करते. आणि थरथर टिपणारा भाग? फोन आडवा केला की चित्र आडवं करणारा, त्याच जातीचा.

आता याचा पर्यावरणाशी काय संबंध, असं वाटेल. बेअरिंग अडकलं की मोटार जळते. जळलेली मोटार पुन्हा गुंडाळून आणली तर अनेकदा आधीपेक्षा जास्त वीज खाते. पण खरा तोटा रासायनिक कारखान्यात होतो. रिअॅक्टरचा, म्हणजे रसायनं शिजवायच्या भांड्याचा, ढवळणारा दांडा मध्येच थांबला तर आतला सगळा घाणा वाया जाऊ शकतो आणि मग ते शेकडो लिटर विद्रावक जाळून किंवा शुद्ध करून निस्तरावं लागतं. तो थांबणार आहे हे आठवडाभर आधी कळणं, हे माझ्या लेखी कितीतरी झाडं लावण्याच्या बरोबरीचं आहे.

पंख्या-पंपांचं थोडक्यात सांगतो, कारण गणित सोपं आहे. त्यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग २० टक्क्यांनी कमी केला तर ०.८ चा घन म्हणजे ०.५१, जवळजवळ निम्मी वीज. कूलिंग टॉवरचा पंखा गार रात्रीही पूर्ण वेगाने फिरत असेल, तर एक तापमान-सेन्सर आणि मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा एक व्हीएफडी लावून ही बचत मिळते. हे काही नवं नाही. फक्त दोघांना एकमेकांशी बोलायला लावणं आता स्वस्त झालंय.

पाण्याचं प्रकरण इतकं सरळ नाही. या पट्ट्याच्या एका अंगाला ठाणे खाडी. तिथे २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या मलशुद्धीकरण केंद्रांत महापालिकेने तिसऱ्या टप्प्याची शुद्धी उभारली, प्रत्येकी रोज दोन कोटी लिटर क्षमतेची, उद्योगांना धरणाच्या पाण्याऐवजी हे पाणी वापरता यावं म्हणून. आणि २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या सतरा प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर चोवीस तास ऑनलाइन नजर ठेवणारी यंत्रणा बसवायला सांगितलं. त्यातले बरेच सेन्सर २५४ नॅनोमीटरची अतिनील किरणं पाण्यातून सोडतात. अनेक सेंद्रिय द्रव्यं ती शोषतात, तेव्हा जितका प्रकाश कमी पोचेल तितकी घाण जास्त. कल्पना छान आहे. पण काचेवर आठवड्यात शेवाळाचा थर बसतो आणि कोणी पुसलं नाही तर आकडा बिघडतो. शिवाय पाण्यात बुडवायचं टोक, म्हणजे प्रोब, नाल्यात आहे की स्वच्छ पाण्याच्या बादलीत, हे सेन्सरला कळत नाही. ते बघायला जाऊन वाकून पाहणारा माणूस लागतो.

दुसरी एक गोष्ट या पट्ट्यात राहणाऱ्याने विसरू नये. जिथे पूर्वी रसायनांचे कारखाने होते, त्या ऐरोली, रबाळे, महापे भागात आता खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती उभ्या आहेत: डेटा सेंटर. आपले सगळे सेन्सर शेवटी अशाच कुठेतरी बोलतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटर्सनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज खाल्ली, जगाच्या वापराच्या दीड टक्का. वीज वाचवायला लावलेला सेन्सर दुसरीकडे किती वीज खातो, हे विचारायलाच हवं. बेअरिंगच्या थरथरीचे तिन्ही दिशांचे, सेकंदाला २५,६०० असे नमुने जसेच्या तसे पाठवले, तर एका मोटारीचे दिवसाला १३ जीबी होतात. त्याऐवजी फुरिएचं गणित जागेवरच करून तासाला चार आकडे पाठवले तर काही किलोबाइट. विकणारे बऱ्याचदा पहिला प्रकार विकतात, कारण साठवणुकीचे पैसे महिन्याला मिळतात.

आणि विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स. १८६५ सालीच या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं, की वाफेची इंजिनं काटकसरी झाल्यावर इंग्लंडचा कोळसा वाचला नाही, उलट जास्त खपला. इंजिन परवडायला लागल्यावर ती सगळ्यांनीच घेतली. मित्राने गळत्या बुजवल्यावर पहिला विचार काय केला? “आता याच कंप्रेसरवर अजून एक यंत्र चालेल.” त्याचा दोष नाही, त्याला ऑर्डरी आहेत. प्रत्येक नगामागे वीज कमी झाली, एकूण बिल मात्र उतरेलच असं नाही.

सतरावा टॅग हवेच्या टाकीच्या बुडाशी होता. पडद्यावर तिथला ठिपका सगळ्यात मोठा. काकांना बोलावलं तर ते हसले. “ती गळती न्हाय, मीच ठेवलंय.” टाकीखालचा ड्रेनचा कॉक त्यांनी अर्धवट उघडा ठेवला होता. का? तर पावसाळ्यात नवी मुंबईची हवा ओली असते. तीस अंशाला, ८० टक्के आर्द्रतेला एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. दाबल्यावर तिच्यातली बरीचशी पाणी होऊन खाली बसते. तासाला १७० घनमीटर हवा ओढणारा कंप्रेसर दोन पाळ्यांत चाळीस-पन्नास लिटर पाणी टाकीत ओततो. ते काढलं नाही तर हवेबरोबर सिलिंडरांत जातं आणि गंज धरतो. हे पाणी आपोआप सोडणारा ऑटो-ड्रेन व्हॉल्व्ह बंद पडला होता. काकांनी सांगितलं होतं. मग पाळीत चारदा मागे जाऊन कॉक सोडण्यापेक्षा त्यांनी तो किलकिला ठेवला, आणि पाण्याबरोबर हवाही रात्रंदिवस जात राहिली.

मित्राने जुन्या फायली उघडल्या. मागणीची चिठ्ठी होती, काकांच्याच अक्षरातली. व्हॉल्व्ह दोन-तीन हजारांचा. तिच्यावर त्याने स्वतः लाल शाईने लिहिलं होतं: “पुढच्या महिन्यात बघू.”