माहिती सुधारणं वेगळं, मत बदलणं वेगळं

राजकीय वादात आपण दोन कामं एकच समजतो: समोरच्याची माहिती दुरुस्त करणं आणि त्याचं मत बदलणं. पहिलं बऱ्यापैकी जमतं. त्यामागून दुसरं आपोआप होईल, ही अपेक्षा मात्र फोल ठरते.

2016 च्या अमेरिकी निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांनी पक्षाच्या अधिवेशनातल्या भाषणात वाढत्या गुन्हेगारीचं चित्र रंगवलं. राज्यशास्त्रज्ञ ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगात काही जणांना त्यासोबत गुन्हे दीर्घकाळात घटल्याची आकडेवारी वाचायला दिली. ट्रम्प समर्थकांचीही समजूत सुधारली. ट्रम्प यांच्याविषयीचं मत तसूभर हललं नाही. खरं सांगितल्यावर लोक उलट हट्टाला पेटतात, असंही म्हटलं जातं. टॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी 52 मुद्द्यांवर ते तपासलं, तेव्हा तसं जवळपास आढळलंच नाही.

मग मत का हलत नाही? कारण ते त्या आकड्यावर उभंच नसतं. पक्षाशी नातं, आपली माणसं, कोणावर विश्वास, यांतून मत आधी ठरतं आणि कारणं मागाहून गोळा होतात. एक कारण गळालं की दुसरं पुढे येतं. शिवाय पुरावा तोलायची फूटपट्टीही बदलते. 1979 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी फाशीच्या समर्थकांना आणि विरोधकांना दोन्ही बाजूंचे तेच अभ्यास दाखवले. प्रत्येकाला आपल्या बाजूचा अभ्यास पक्का वाटला, दुसऱ्याच्या पद्धतीत खोट दिसली. शेवटी दोन्ही गट आपण अधिक ठाम झालो असंच सांगत होते.

माहिती दुरुस्त करायची तर खरी गोष्ट आधी सांगा, चुकीचा दावा एकदाच उच्चारा, आणि घडलं ते कशामुळे हे सांगा. नुसतं 'हे खोटं आहे' म्हटलं की स्पष्टीकरणाची जागा रिकामी राहते आणि जुना दावा तिथे परत येतो.

मत बदलायचं तर चारचौघांत बोलू नका. तिथे माघार म्हणजे नाचक्की. एकट्याशी बोला. त्या मुद्द्याला त्याचा 0 ते 10 मध्ये किती पाठिंबा आहे आणि का, हे विचारा. त्याचा अनुभव न टोकता ऐका, मग आपला सांगा. 2015 मध्ये मायामीत ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयी दारोदारी झालेल्या अशा सुमारे 10 मिनिटांच्या संवादाचा परिणाम 3 महिन्यांनंतरही टिकला होता. पुढच्या प्रयोगांत अनुभवांची देवाणघेवाण वगळून फक्त युक्तिवाद ठेवले, तेव्हा परिणाम दिसला नाही. म्हणून अशा बोलण्यात चुकीचा आकडा कानावर आला, तरी तो लगेच खोडू नये. त्यासाठी वेगळी वेळ काढावी.