रात्री दहाची मर्यादा आणि कानाची मर्यादा : पार्श्वभूमी

बेळगाव परिसरात आवाजामुळे होणाऱ्या बहिरेपणाचा विषय निघाला की बोलणे थेट मिरवणुकीतल्या डॉल्बीवर येते. या व्याधीचा इथला इतिहास मात्र त्याआधी वडगाव, शहापूर आणि खासबागच्या मागांवर व उद्यमबागेतील फाउंड्रींच्या फेटलिंग विभागात, म्हणजे ओतीव भागांवरचा जादा धातू घासून काढतात तिथे, घडला आहे, आणि त्याची दखल फार कमी घेतली गेली. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, तेव्हा धोट्याचा खटखटाट राहत्या घराला लागून असलेल्या खोलीत दिवसभराचा झाला. संध्याकाळी कानाला दडा बसतो, सुटीच्या दिवशी तो थोडा सुटतो, आणि सुटतो म्हणूनच कोणी त्याची काळजी करत नाही. तो सुटेनासा होईपर्यंत बरीच वर्षे गेलेली असतात.

ही माहिती नवी नव्हे. ग्लासगोमध्ये १८८६ साली बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांची तपासणी झाली, तेव्हा एकाचेही ऐकणे शाबूत आढळले नव्हते. आतील कानात ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत, आणि घाव बहुधा आधी ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो. त्यामुळे स, श, फ, थ यांसारखी व्यंजने अगोदर पुसट होतात. समोरचा बोलतो आहे हे कळते. काय बोलतो ते कळत नाही.

भारतात १९८७ च्या दुरुस्तीने आवाजजन्य श्रवणहानी ही कारखाना कायद्यातील सूचनापात्र, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या, रोगांच्या यादीत आली. कारखान्यांसाठीच्या नमुना नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि आवाज दर ५ डेसिबलने वाढला की चालणारी वेळ निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबलला दोन तास. अमेरिकेतील एका सरकारी संशोधन संस्थेने १९९८ मध्ये सुचवलेल्या निकषानुसार आठ तासांची मर्यादा ८५ आहे व वेळ दर ३ डेसिबलला निम्मी होते, त्यामुळे त्याच १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे मिळतात. एवढी तफावत असताना आपल्याकडे सैल निकष टिकून राहिला, हे मला चिंतेचे वाटते. त्यातही १९४८ च्या कारखाना कायद्याला विजेवर चालणाऱ्या जागेत किमान १० कामगारांची अट होती; घरामागच्या शेडमध्ये चार माग चालवणारे कुटुंब त्या कक्षेत येतच नव्हते.

गेल्या पाव शतकातील चर्चा मात्र मिरवणुकीभोवती फिरली, आणि तिचा बराचसा गुंता एका शब्दात आहे. 'डॉल्बी' हे मुळात १९६५ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या एका कंपनीचे नाव, आणि तिचे सुरुवातीचे काम ध्वनिफितीवरील खरखर कमी करण्याचे होते. सीमाभागात आणि कोल्हापूर-सांगलीकडे ते नाव ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंतीला चिकटले. केंद्राच्या १४ फेब्रुवारी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत हा शब्द नाही. तिथे ध्वनिक्षेपक आहे, क्षेत्रनिहाय पातळी आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ आहे. म्हणून 'डॉल्बीबंदी' म्हणताना एकाच्या मनात यंत्राचा प्रकार असतो, दुसऱ्याच्या मनात पातळी आणि तिसऱ्याच्या मनात घड्याळ.

प्रत्यक्षात घड्याळच वरचढ ठरले. २००२ च्या दुरुस्तीने सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपकाला सवलत देण्याचा अधिकार राज्यांना दिला. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी रात्रीची बंदी ठामपणे मांडली आणि त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला ही सवलतही वैध ठरवली. तेव्हापासून गणेशोत्सव असो वा शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, बैठकांतला वाद मुख्यतः 'दहा की बारा' एवढ्यावर येतो. झोपमोड, आजारी माणसे, लहान मुले यांच्या दृष्टीने ती वेळ महत्त्वाची आहे, यात शंका नाही. परंतु कानाला होणारी इजा पातळी आणि कालावधी यांच्या गुणाकाराने ठरते. संध्याकाळी सात ते दहा स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या मुलाला दहाच्या मर्यादेने काहीही संरक्षण मिळत नाही. २०१० च्या दुरुस्तीत सार्वजनिक जागेच्या हद्दीवर क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी ते, अशी स्पष्ट कमाल मर्यादा आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ धरली, तर हा आकडा ६५ होतो. परवानगीच्या चर्चेत त्याचा उच्चार वेळेइतका होत नाही, हीच माझ्या मते या साऱ्या प्रवासातील सर्वांत मोठी उणीव आहे. ढोल-ताशाही कानाजवळ घातक पातळी गाठतो, ही बाब यंत्राच्या प्रकारावर वाद घालणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

२००९ मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात, चाचणीतील ऐकू येण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केशपेशी व श्रवणतंतू यांमधील जोडण्या कायमच्या तुटलेल्या आढळल्या. 'दुसऱ्या दिवशी कान मोकळे झाले' हा दिलासा तेव्हापासून पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. असे नुकसान साध्या स्वरचाचणीत निसटते; गोंगाटात शब्द ओळखण्याच्या चाचणीत ते दिसण्याची शक्यता अधिक असते. ती चाचणी भाषेवर उभी असते, आणि सीमाभागात इथेच अडचण येते. चाचणीतल्या शब्दांची यादी कन्नडमध्ये असेल आणि घरी आयुष्यभर मराठी बोललेली शहापूरची विणकर आजी समोर बसली असेल, तर तिला शब्द ऐकू आला नाही की ओळखीचा वाटला नाही, हे मिळालेल्या गुणांवरून ठरवता येत नाही.