वकील की व्यापारी? टोपीकरांच्या पहिल्या दरबारभेटी

कालिकतच्या झामोरिनसाठी वास्को द गामाने मे १४९८ मध्ये जी भेट काढून ठेवली, तिची यादी त्याच्याच ताफ्यातल्या एकाच्या रोजनिशीत सापडते. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे १२ तुकडे, ४ तांबडी टोपडी, ६ टोप्या, पोवळ्यांच्या ४ माळा, हात धुवायची ६ भांडी, साखरेची एक पेटी, तेलाची दोन पिंपं आणि मधाची दोन. मलबारच्या राजाला तेल आणि मध! दरबारचे अधिकारी ते पाहून हसलेच. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, राजाला द्यायचंच असेल तर सोनं द्या, असं त्यांनी सुनावलं. गामाने उत्तर दिलं की मी व्यापारी नाही, वकील आहे. हे माझ्या पदरचं, आमचा राजा पाठवील ते भारी असेल.

वकील म्हणजे इथे कोर्टातला नव्हे. जुन्या मराठी कागदांत परराज्याच्या दूताला वकीलच म्हणतात. पुढची पावणेदोनशे वर्षं युरोपातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हाच प्रश्न आडवा आला: तू राजाचा की दुकानाचा? इथल्या दरबारी रिवाजात ही दोन खाती वेगळी होती. राजाचा वकील खलिता आणि राजाला शोभेल असा नजराणा घेऊन येई. सावकार जकात भरी, बंदरावरच्या हाकिमाला खूश ठेवी. सिंहासनापाशी त्याचं फारसं काम नसे. टोपीकर, म्हणजे हे युरोपीय, मात्र खलिता राजाचा आणि हिशेबाची वही सावकाराची, असं दोन्ही घेऊन आले.

इंग्रजांचा पहिला प्रयत्न तर वाटेतच अडकला. १५८३ मध्ये एलिझाबेथ राणीने अकबराला पत्र लिहिलं, त्यात त्याला ‘खंबायतचा राजा’ म्हटलं. लंडनला त्याच्या राज्याची तेवढीच कल्पना होती. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच वगैरे व्यापारी निघाले. होर्मुझला पोर्तुगीजांनी त्यांना पकडलं आणि गोव्याच्या तुरुंगात टाकलं. तिथून जामिनावर सुटायला त्यांना एका इंग्रज जेझुइटाची मदत झाली. हा पाद्री म्हणजे आपला फादर स्टीफन्स, ‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता. त्याचा मराठी ग्रंथ १६१६ मध्ये रायतूरला छापला गेला, आणि त्याच वर्षी जानेवारीत दुसरा एक इंग्रज अजमेरला जहांगीरसमोर उभा होता.

मधल्या विल्यम हॉकिन्सची गोष्ट थोडक्यात. १६०९ मध्ये तो आग्र्याला पोचला. तुर्की येत असल्यामुळे त्याला बादशहाशी दुभाष्याविना बोलता येई. त्याला चारशेची मनसब मिळाली, एका आर्मेनियन ख्रिस्ती मुलीशी लग्नही झालं. सुरतेच्या व्यापाराची परवानगी मात्र कधी मिळे, कधी पोर्तुगीजांच्या दडपणाने जाई. १६११ मध्ये तो हात हलवत परतला.

ईस्ट इंडिया कंपनीने मग ठरवलं की व्यापारी पाठवून भागायचं नाही, खरा वकील हवा. सर थॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेजवळ सुवाळीला उतरला. त्याच्याकडे खलिता जेम्स राजाचा होता, पण वर्षाला ६०० पौंडांचा पगार कंपनीचा. हा माणूस मानापमानाला फार जपणारा. खानदेशातून जाताना बुऱ्हाणपूरला शहजादा परवेझच्या दरबारात त्याला लवून मुजरा करायला सांगितलं, त्याने नकार दिला. बसायला खुर्ची मागितली, ती मिळाली नाही. शहजाद्याला त्याने कडक दारूच्या बाटल्यांची पेटी दिली. नंतर खासगीत भेटायचं ठरलं होतं, पण तोवर पेटीने आपलं काम केलं होतं. भेट रद्द!

अजमेरला खरी परीक्षा झाली. इंग्लंडहून आणलेली बग्गी बादशहाने चालवून पाहिली. मग त्याने दरबारातल्या जेझुइटाला विचारलं, इतक्या कमी किमतीच्या वस्तू पाठवणारा हा इंग्लंडचा राजा खरंच मोठा आहे का? त्याला रत्नांची अपेक्षा होती. बग्गीचं पुढे काय झालं ते मला त्या सगळ्या वाटाघाटींपेक्षा बोलकं वाटतं. बादशाही कारागिरांनी तिचा नमुना घेऊन दुसरी बग्गी केली. मूळ बग्गीचं आतलं मखमली अस्तर काढून जरीचं लावलं, पितळेचे खिळे उपटून चांदीचे ठोकले. नोव्हेंबर १६१६ मध्ये छावणी अजमेरहून हलली तेव्हा जहांगीर आपल्या नव्या बग्गीत होता आणि इंग्लंडची बग्गी नूरजहाँकडे होती.

चित्राचंही तसंच. थॉमस रोकडे असलेल्या एका लघुचित्राची बादशहाच्या चितेऱ्याने पाच हुबेहूब नकला केल्या. रात्री दिव्याच्या उजेडात सहाही चित्रं रोपुढे ठेवली आणि मूळ ओळखायला सांगितलं. त्याने ओळखलं, पण सहज नाही. बादशहा खूश झाला.

रोला हवा होता करार, म्हणजे दोन राजांनी बरोबरीने सही केलेली कलमं. मोगली दरबारात ती रीतच नव्हती. बादशहा फर्मान देतो, मेहेरबानी म्हणून देतो आणि मर्जी फिरली तर काढूनही घेतो. तीन वर्षं अजमेर, मांडू, अहमदाबाद असं छावणीमागे फिरून रोने फर्मानांवर समाधान मानलं आणि १६१९ मध्ये तो परतला. फायदा समुद्रावर आणि शांत व्यापारात शोधा, हिंदुस्थानात शिबंदी आणि जमिनीवरच्या लढाया ही चूक आहे, असा सल्ला त्याने कंपनीला दिला. जहांगीरच्या आत्मचरित्रात मात्र रोचं नावसुद्धा नाही.

करार मिळाला तो रायगडावर. त्यामागे जुनी उधारी होती. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी आपलं निशाण लावून सिद्दी जौहरसाठी तोफा डागल्या होत्या. शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटली आणि इंग्रजांना कैद केलं. व्यापारी म्हणवता आणि तोफा डागता, तर व्यापाऱ्याचा बचाव तुम्हाला नाही, असा त्याचा साधा अर्थ. नंतर इंग्रज नुकसानभरपाई मागत राहिले.

मे १६७४ मध्ये मुंबईहून हेन्री ऑक्झिंडन निघाला, दुभाषा म्हणून नारायण शेणवी होता. राज्याभिषेकाच्या दरबारात शेणवीनेच भेटीची हिऱ्याची अंगठी वर धरून दाखवली, तेव्हा महाराजांनी वकिलाला सिंहासनाच्या पायथ्याशी बोलावलं आणि पोशाख दिला. सिंहासनाच्या बाजूंना भाल्यांवर सोन्याची मत्स्यमुखं आणि तराजू ऑक्झिंडनने टिपले. दाराशी हत्ती झुलत होते. त्या वाटेने हे वर आले तरी कसे, हे कोडं त्याला सुटलं नाही. आणखी एक गंमत: इंग्रजांना रोज मटण पुरवणारा म्हातारा खाटीक एवढं मांस खाणारी माणसं कोण आहेत, ते बघायला मुद्दाम गड चढून आला!

कलमं २० होती. बहुतेक मान्य झाली, जकात शेकडा अडीच ठरली, राजापूरबद्दल १०,००० होन कबूल झाले. अडलं ते दोन ठिकाणी. कंपनीचं नाणं राज्यात सक्तीने चालवावं, ही मागणी महाराजांनी मानली नाही. नाणं वजनाला आणि कसाला खरं असेल तर आम्ही अडवणार नाही, पण तोट्यात घ्या असं रयतेला सांगणार नाही. दुसरं, किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचं. कोकणच्या जुन्या रिवाजाने तो माल राजाचा. खलाशांना मदत करू, पण ही सूट तुम्हाला दिली तर फ्रेंच आणि वलंदेजही (डच) तीच मागतील. नवं राज्य होतं, अंगठी लहान होती, तरी प्रत्येक कलम वाचून तोललेलं दिसतं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गामाच्या त्या उत्तराचा निकाल लागलेला आढळतो. टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्रकाठी देऊ नये, राजापुरासारखी खाडीत आत, सखल जागी द्यावी, पक्की इमारत बांधू देऊ नये. हे लिहिलं गेलं तेव्हा मुंबईचं बेट कंपनीकडे येऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली होती.